मग ते स्वतः का नाही आले

सुपारी मला आमच्याच स्वयंपाकघरात मिळाली, भांडी विसळत असताना. देणारा माझा नवरा. त्याने आधी दार लोटून घेतलं, शेगडीवरचा पंखा मोठ्यावर केला, आणि मग त्या घरघरीत म्हणाला, "आईला तू सांगशील ना?"

"काय सांगू?"

"तेच. तळेगावचं."

तळेगावचं म्हणजे असं, की माझ्या सासूबाई, चारुलताबाई, पुण्यात कोथरूडला एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. लिफ्ट नाही. गेल्या हिवाळ्यात त्या बाथरूममध्ये घसरल्या आणि मनगट मोडलं. मनगट जुळलं. पण तेव्हा उडालेली झोप माझ्या नवऱ्याला, श्रीधरला, आणि बंगळूरला राहणाऱ्या त्याच्या थोरल्या भावाला, हरीशला, काही परत मिळाली नाही. दोघांनी रोज फोन करकरून तळेगावजवळ एक जागा शोधली. तिला वृद्धाश्रम म्हणायचं नाही, सीनियर लिव्हिंग म्हणायचं. डॉक्टर आहे, बाग आहे, वेळच्या वेळी जेवण आहे, पाहिजे तर भजनी मंडळ आहे. फक्त आईंना विचारलेलं नव्हतं. विचारलं तर त्या नाही म्हणतील, म्हणून विचारलं नाही. इंजिनियर लोकांचा विचार कसा सरळ रेषेत चालतो.

हा 'विचार चालू आहे' एवढं मला माहीत होतं. पंख्याच्या घरघरीत त्या दिवशी जे कळलं ते पुढचं होतं. आईंना आम्ही उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी इकडे जर्मनीत, कार्ल्सरूहेला आणलं, जरा हवापालट म्हणून. त्या इथे आमच्या बाल्कनीत बसून शेजारच्या फ्राउ केलरच्या टोमॅटोंवर लक्ष ठेवत होत्या, आणि तिकडे हरीशदादांनी सुट्टी काढून त्यांचं घर आवरलं. पलंग, देव, मिक्सर, रोजच्या साड्या तळेगावच्या खोलीत. बाकीचं एका चुलतभावाच्या गोदामात. आता आई मुंबईला उतरणार, हरीशदादा गाडी घेऊन येणार, आणि गाडी एक्स्प्रेस वेवरून कोथरूडच्या अलीकडेच वळणार.

"म्हणजे गाडी वळेपर्यंत त्यांना कळणारच नाही?"

"म्हणून तर म्हणतोय, तू आधी सांग. तुझं ती ऐकते."

"तुझं नाही ऐकत?"

"ऐकते गं. मलाच बोलता येत नाही." आणि त्याने पंखा बंद केला. माझं काम मला समजावून झालं होतं.

हे काम माझ्याकडे नवीन नाही. श्रीधरने जर्मनीत कायमचं राहायचं ठरवलं ते ऑफिसातल्या एका मीटिंगमध्ये, मला न विचारता. पण पुण्याला फोन लागल्यावर रिसीव्हर माझ्या हातात आला, आणि तेव्हापासून सगळ्या नात्यागोत्यात 'ऊर्मिलाने मुलाला तिकडेच ठेवून घेतलं' हे कायम झालं. बढतीची बातमी श्रीधर देतो, दिवाळीला येणार असलो तर श्रीधर सांगतो. येणार नसलो की मी. हे कुणी बसून ठरवलेलं नाही. आमच्याकडेच असं आहे असंही नाही; इथल्या मराठी मंडळातल्या कुठल्याही बाईला विचारा, ती चहाचा कप खाली ठेवून हसेल.

तर मी सांगणार होते. रोज सांगणार होते. आणि रोज आई असं काही करायच्या की माझा हात मागे यायचा. एकदा त्या मला बाउमार्क्टमध्ये घेऊन गेल्या, म्हणजे ते खिळ्या-फळ्यांचं मोठं दुकान असतं तिथे, आणि बाथरूमच्या भिंतीला लावायचं स्टीलचं हँडल मागितलं. तिथे नमुन्याला एक भिंतीवर लावलेलं होतं. आईंनी पदर खोचला, दोन्ही हातांनी ते धरलं आणि पाय उचलून लोंबकळल्या. दुकानातला पोरगा धावत आला. त्या त्याला मराठीत म्हणाल्या, "थांब रे, मोडलं तर घेणार नाही, नाही मोडलं तर घेईन." नाही मोडलं. ते घेऊन त्या घरी आल्या, जाड टॉवेलात गुंडाळलं आणि बॅगेच्या तळाशी ठेवलं. "कोथरूडची भिंत विटेची आहे," म्हणाल्या, "चांगलं बसेल."

आता यावर मी काय सांगायचं होतं?

मग अन्वीचा निरोप आला. अन्वी आमची मुलगी, हायडेलबर्गला शिकते आणि शनिवार-रविवार तिथल्या एका लहानशा थिएटरात तिकिटं विकते. रविवारी सकाळी तिथे जुने सिनेमे दाखवतात. या वेळी जपानी होता, साठ वर्षांपूर्वीचा, निंजा लोकांचा. आजी जायच्या आधी एकदा तिने माझं थिएटर बघावं, अशी तिची इच्छा. श्रीधरला हे फारच सोयीचं वाटलं.

"परत येताना ट्रेनमध्ये सांग. गेनाऊ, हेच बरोबर. ट्रेनमध्ये ती चिडणार नाही, लोक असतात."

"तू चल की."

"मी कुठे येऊ? आठवड्याचे शर्ट आहेत इस्त्रीचे."

हायडेलबर्गला जाताना आई खिडकीपाशी बसल्या होत्या. अंगात साडीवरून माझं जाकीट, पायात अन्वीने दिलेले बूट. "निंजा म्हणजे काय नक्की?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, जपानचे जुने गुप्तहेर, काळे कपडे घालून कौलांवरून पळतात, गुपचूप शिरतात आणि माणूस मारून निघून जातात. आई म्हणाल्या, "कौलं शाबूत राहतात का?" मी म्हटलं, सिनेमात राहतात.

अन्वी तिकिटांच्या खिडकीत बसली होती. आजीला पाहून बाहेर आली, गळ्यात पडली, आणि जर्मनमध्ये सुरू झाली. ही पोरगी मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. आजीला जर्मन येत नाही, पण तीन महिन्यांत दोघींचं काही अडलं नाही.

"जेवलीस का सकाळी?" आजी.

"याऽ, याऽ, ब्र्योट्शेन." म्हणजे हो, हो, पाव.

"ब्रेडच ना? ते जेवण नव्हे. बसायचं कुठे आम्ही?"

"गान्झ हिंटन, आजी, लेट्स्टं राइहं."

"शेवटची रांग. बरं. म्हणजे हिला माझ्या कानात बोलता येईल." आणि माझ्याकडे बोट.

कारण सिनेमा जपानी, खालची पाटी जर्मन, आणि ती वाचून मराठीत सांगणार मी. माझं जर्मन कुठल्या वर्गातलं नाही. ते मी अशाच पाट्या वाचून, बालवाडीच्या स्वयंपाकघरात काम करताना मुलांची बोलणी ऐकून गोळा केलेलं. एखादा शब्द अडतो. पण माणसं काय म्हणतायत ते चुकत नाही.

सिनेमात कौलांवरून पळणारे सुरुवातीलाच आले आणि एका माणसाला मारून गेले, तेवढेच. पुढे कुणी उडीसुद्धा मारली नाही. एक गढी होती. तिचा मालक मेलेला, दोन मुलगे, आणि खरा कारभार त्यांच्या आईच्या हातात. पलीकडच्या सरदाराने या म्हातारीला मारायला एक हेर पाठवलेली असते. पण ती काळे कपडे घालत नाही. ती दासी म्हणून नोकरीला लागते, झाडते, पाणी भरते, आणि हळूहळू रोज सकाळी म्हातारीचे केस विंचरायचं काम तिच्याकडे येतं. हुकूम येईपर्यंत थांबायचं, एवढंच तिचं काम. महिन्याला एक मीठविक्या येतो. त्याने मापटं शिगोशीग भरून दिलं, तर अजून थांब. ज्या दिवशी तो हाताने मीठ सपाट करील, त्या दिवशी मार.

वर्षं जातात. मीठविक्या म्हातारा होतो. मापटं दर वेळी शिगोशीग.

मी हे सगळं आईंच्या कानाशी कुजबुजत होते. इथल्या थिएटरात पॉपकॉर्नचासुद्धा आवाज करायची लोकांना लाज वाटते, तिथे मी चालती-बोलती बाई. पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी वळून "प्स्स्ट" केलं. आईंनी पर्समधून एक श्रीखंडवडी काढून त्यांच्या खांद्यावरून पुढे केली. ते गडबडले, पण घेतली. मग बराच वेळ ते कागद न वाजवता उलगडण्यात गुंतले.

"किती हळू विंचरते बघ," आई म्हणाल्या. "ही नाही मारायची."

"बघू या."

"आणि माझे तर बॉबकट आहेत. मला कुणी मारायला यायचं तर दुसरी युक्ती लागेल."

मी हसले नाही. माझ्या हातात त्यांनी काढून दिलेलं जाकीट होतं, आणि ते मी घट्ट धरलं होतं.

मग एक दिवस मीठविक्या येतो. मापटं भरतो. आणि तळव्याने वरचं मीठ सारून सपाट करतो. थिएटरात कुणी हललं नाही. दासी मीठ आत नेऊन ठेवते, हात धुते, कंगव्यातली बारीक सळई सोडवून घेते आणि म्हातारीच्या पाठीमागे जाऊन बसते. रोजच्यासारखी विंचरायला लागते. पडद्यावर फक्त म्हातारीचा चेहरा, अगदी जवळून.

म्हातारी बोलते. मी कुजबुजले, "मला माहीत आहे तू कोण आहेस. दुसऱ्या वर्षीच कळलं. तू विंचरलंस की दुखत नाही, म्हणून राहू दिलं."

"बघ," आई म्हणाल्या.

"पलीकडच्या सरदाराचा हुकूम आला का, म्हणून विचारते. दासी म्हणते, नाही."

आणि मग दासी पुढचं वाक्य बोलली. खाली पाटी उमटली. मी ती वाचली, आणि गप्प बसले. दोघा मुलांनी पलीकडच्याशी तह केला होता. तहाची अट म्हातारी होती. हुकूम मुलांचा होता.

"काय म्हणाली?"

"काही नाही. कुणाचा हुकूम ते सांगितलं."

"कुणाचा?"

"असाच, कुणाचा तरी."

"इतकी लांब बोलली आणि तू चारच शब्द सांगतेस."

पुढचे गृहस्थ हलले, पण वळले नाहीत. पडद्यावर अजून तोच म्हातारीचा चेहरा. ती नटी कोण मला ठाऊक नाही, पण तिच्या तोंडावरची एकही रेघ हलली नाही आणि तरी ती आमच्या डोळ्यांदेखत म्हातारी झाली. मग तिने हळूच काही विचारलं. आईंचा कान माझ्या तोंडाशी होता, आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं:

"मग ते स्वतः का नाही आले?"

आईंनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. अंधारात मला त्यांच्या चष्म्याची फक्त चकाकी दिसत होती.

"पोरांनीच ना," त्या म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

पुढचं मी भाषांतर केलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही. ते कळतच होतं. म्हातारी मरते. दासी पळत नाही, तिला धरतात. दोन्ही मुलगे पांढऱ्या कपड्यांत आईच्या चितेपाशी रडतात, सगळी गढी त्यांच्याबरोबर रडते, आणि खुनी म्हणून दासीला नदीकाठी नेतात. नदीवर धुकं. सिनेमा संपला. दिवे लागले तेव्हा श्रीखंडवडीवाले गृहस्थ उठले आणि आईंना वाकून म्हणाले, "श्योनन झोन्टाग नोख," रविवार छान जावो. आई म्हणाल्या, "हो, छान होता."

अन्वीची पाळी दुपारपर्यंत होती, म्हणून तिला आजीने दहा सूचना दिल्या, तिने दहा वेळा 'याऽ' म्हटलं, आणि आम्ही दोघी स्टेशनावर आलो.

गाडी सुटली. बाहेर कापणी झालेली शेतं, मधूनच शतावरीचे लांब वाफे. मी शब्द जुळवत होते. 'आई, रागवू नका' अशी सुरुवात करावी, की 'आई, तुमच्या तब्येतीचा विचार करून' अशी?

"किती छान रडले नाही ते दोघं?" आई म्हणाल्या. "धाकट्याच्या तर नाकाच्या शेंड्यावर थेंब होता. दिसला तुला?"

"नाही."

"तू बघत नव्हतीस." त्यांनी जाकिटाची चेन वर केली, खाली केली. "बोल आता. काय आहे?"

"काय असायचंय?"

"गेले काही दिवस तू माझ्या पोळीला नको तेवढं तूप लावतेस. आणि श्रीधर मला दिसला की मोबाइल बघतो. बोल."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, मधलं काही गाळलं नाही. तळेगावची खोली, हरीशदादांची सुट्टी, मूव्हर्सची माणसं, चुलतभावाचं गोदाम, मुंबईहून निघालेली गाडी कुठे वळणार ते. मला वाटलं होतं तेवढं ते लांब नव्हतं. वाटेतलं ब्रुखझाल स्टेशन यायच्या आधीच सांगून संपलं.

आई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आवरलं म्हणजे? सगळं?"

"हो."

"ओट्याखालचं पण?"

"सगळंच, आई."

"हरीशला माझ्या मिक्सरचं झाकण उघडता येत नाही," त्या म्हणाल्या. "त्याने घर आवरलं." त्यांनी चष्मा काढला, माझ्या स्कार्फचं टोक घेतलं आणि काचा पुसायला लागल्या. बराच वेळ पुसल्या. काचांवर काही नव्हतं. मी समोरच्या सीटवरची जाहिरात वाचत बसले, कारण त्यांच्याकडे बघणं मला शक्य नव्हतं.

"तुला कधीपासून माहीत?"

"विचार चाललाय ते बरेच दिवस. घर आवरल्याचं गेल्या आठवड्यात."

"म्हणजे गेला आठवडाभर तू माझ्याशी रमी खेळलीस, माहीत असताना."

"हो."

"आणि हरलीस. मला वाटलं, माझे पत्ते चांगले लागतायत." त्यांनी चष्मा घातला. "तू सांगितलंस हे बरं झालं. आणि बरं झालं नाही."

"म्हणजे?"

"अगं, उद्या मी तिथे गेले आणि मला करमलं नाही, तर लोक काय म्हणतील? ऊर्मिलाने सासूला तळेगावात नेऊन टाकलं. आणि मीही म्हणेन. आत्ता नाही म्हणणार, पण चार महिन्यांनी, पाय दुखत असले आणि भाजी आवडली नाही की म्हणेन. मला माझा स्वभाव माहीत आहे. मुलांवर रागवायला माझं मन होत नाही गं. सून जवळ पडते."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मला वाईट वाटायला वेळच मिळाला नाही. लग्न झाल्यापासून मला जे वाटत आलं होतं, आणि आपल्यालाच वाटतं म्हणून जे मी गिळत आले होते, ते या बाईंनी दोन स्टेशनांच्या मध्ये बोलून टाकलं.

"ती गढीतली म्हातारी," आई म्हणाल्या, "विचारायचं ते बरोबर विचारलं तिने. पण विचारलं कुणाला? दासीला. तिला काय माहीत? ती उठली असती, तशीच मोकळ्या केसांनी पोरांच्या खोलीत गेली असती, आणि म्हणाली असती, बस समोर आणि सांग."

"त्यांनी सांगितलं असतं?"

"कुणास ठाऊक. पण ती दासी तरी वाचली असती."

कार्ल्सरूहे आलं तेव्हा त्या उठल्या, दारापाशी खांब धरून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "हे बघ. तू मला काही सांगितलेलं नाहीस. घरी गेल्यावर श्रीधर तुला खुणा करील. म्हणायचं, जमलं नाही. तूच सांग म्हणायचं. आणि मग मध्ये पडायचं नाही."

"आई, तो फार घाबरतो."

"घाबरू दे. मी मोठा केला आहे त्याला, मला सवय आहे."

घरी आलो तर बैठकीच्या दारावर इस्त्री केलेल्या शर्टांची रांग लटकत होती. आई हात धुवायला गेल्या आणि श्रीधरने माझ्याकडे पाहून भुवया वर केल्या. मी मान हलवली.

"जमलं नाही. तूच सांग."

"ऊर्मिला, आपलं ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं."

"अगं पण, आल्झो, म्हणजे, थोडेच दिवस राहिलेत."

"म्हणून म्हणते. चहा टाकलाय मी, चहाबरोबर सांग."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं गाडी बंद पडल्यावर माणूस बॉनेटकडे बघतो. मी कप काढायला लागले.

आई सोफ्यावर बसल्या होत्या, पाय खाली, पाठ ताठ. श्रीधर समोरच्या खुर्चीत बसला. मी ट्रे ठेवला आणि आत जायला वळले. "तू पण बस," आई म्हणाल्या. मी बसले.

"कसा होता सिनेमा?" श्रीधरने विचारलं.

"बरा होता. एक म्हातारी होती."

"अच्छा."

चहाचे घोट. खाली कुणीतरी सायकल लावली. श्रीधर म्हणाला, पुण्यात आता पाऊस असेल. आई म्हणाल्या, असेल. श्रीधर म्हणाला, तळेगावची हवा मात्र चांगली असते. आई म्हणाल्या, हो का. एखाद्या परक्या माणसालासुद्धा आपण बोलण्यात हात देतो, 'मग पुढे?' म्हणतो. आईंनी तेवढंही दिलं नाही. त्या नुसत्या बघत होत्या, रागाने नाही, वाट बघितल्यासारखं. मला ते सहन होईना. इतक्या वर्षांची सवय. माझं तोंड उघडलं. आईंनी बिस्किटांची बशी उचलून माझ्या हातात दिली. मी बिस्किट खाल्लं.

"आई," श्रीधर म्हणाला, आणि थांबला. मग त्याने सुरुवात केली. मधूनच. आधी डॉक्टरबद्दल, मग बागेबद्दल, मग मनगटाबद्दल. घर आवरल्याचं त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं, जमिनीकडे बघत. "आम्हाला वाटलं, तू आल्यावर तुला त्रास नको. म्हणून आम्ही आधीच..."

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही म्हणजे... आम्ही सगळ्यांनी."

"सगळे म्हणजे? ऊर्मिला पण?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी बशी मांडीवर धरून बसले होते. एवढं सोपं होतं. नुसती मान हलवली असती तरी माझं नाव त्यात आलं असतं, आणि ओझं तिघांत वाटलं गेलं असतं.

"नाही," श्रीधर म्हणाला. "तिला कुणी विचारलं नाही. मी आणि दादाने केलं."

मी बशी टेबलावर ठेवली.

"बरं," आई म्हणाल्या. आणि मग, "तू मला घाबरतोस का रे?"

"तुला नाही. फोनला घाबरतो." त्याने कप खाली ठेवला. "भारतातला नंबर दिसला की मला उचलवत नाही, आई. दर वेळी वाटतं, तू पडलीस. आणि मी इथे, आठ तासांवर. तेव्हा पडलीस तर शेजारच्या उल्कामावशींनी कुलूप फोडून तुला काढलं. मी इथे मीटिंगमध्ये होतो. कॉफी पीत होतो."

त्याचे डोळे भरले. आईंनी त्याला तसंच थोडं रडू दिलं. मग पदराने नाही, टेबलावरचा कागदी रुमाल काढून त्याच्या हातात दिला.

"पडायला मलाही नको वाटतं," त्या म्हणाल्या. "तुला काय वाटलं, मला हौस आहे? पण अरे, माझं घर होतं ते. मी नसताना तुम्ही माझ्या वस्तूंना हात लावलात. मी गेल्यावर लावायचा असतो तो हात. तुम्ही दोघांनी मला आधीच..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. श्रीधरने मान इतकी खाली घातली की मला त्याच्या डोक्यावरचं टक्कल दिसलं. ते आता बरंच वाढलं आहे.

"आता ऐक. माझं सामान परत कोथरूडला लागलं पाहिजे. ते लागेपर्यंत मी उल्काकडे राहीन, तिला मीच सांगते. मग मी तळेगावला जाईन, पाहुणी म्हणून. एक वेळ जेवेन, बाथरूम बघेन, तिथल्या बायकांशी बोलेन. आणि मग मी ठरवीन."

"आणि नाही म्हणालीस तर?"

"तर नाही. तुझी झोप उडेल. माझी पण उडते, मी कुणाला सांगते का? आणि काय सांगावं, हो म्हणेन. दोन जिने चढताना मला रोज वाटतं, पुरे आता. पण ते मी म्हणायचं. कुणी गाडी वळवून नाही."

श्रीधर म्हणाला, "दादा चिडेल. त्याने दोन आठवडे राबून..."

"हो ना. म्हणून त्याला फोन लाव."

"आत्ता? तिकडे जेवत असतील."

"जेवू दे. लाव. आणि मोठ्याने ऐकू येईल असं कर."

त्याने नंबर लावला आणि फोन आईंच्या समोर धरला. आईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, घेतला नाही. मग त्याने, मला वाटतं विचार न करताच, तो फोन माझ्या बाजूला वळवला. मी पण हात मांडीवर ठेवले. फोन त्याच्याच तळहातावर वाजत राहिला, खुर्चीच्या कडेला टेकलेल्या श्रीधरने मध्येच एकदा घसा साफ केला.

पलीकडे उचलला गेला. टीव्ही चालू होता, ताटवाटीचा आवाज होता, आणि तोंडात घास असलेले हरीशदादा म्हणाले, "हां श्री, बोल. काय झालं? सांगितलं का ऊर्मिलाने?"

श्रीधरने आईकडे पाहिलं. आई त्याच्याकडेच बघत होत्या.

"नाही दादा," तो म्हणाला. "मी सांगितलं. आई इथे समोर बसली आहे, तिला सगळं ऐकू येतंय. तू हात धुऊन ये."

पलीकडे टीव्ही बंद झाला, आणि मग नळ सोडल्याचा आवाज आला.